खाली दुकान, वर घर

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या पेठेत उभे राहून वर पाहिले, की व्यापारी कुटुंबाचे सारे आयुष्य एका नजरेत येते. खाली दुकान, त्यामागे कोठार, दुकानातूनच वर जाणारा अरुंद जिना, वर स्वयंपाकघर, देवघर, झोपण्याच्या खोल्या आणि रस्त्याच्या बाजूला लोखंडी जाळीने बंदिस्त केलेली गॅलरी. बार्शी असो, सांगली असो, नाशिक वा पुणे असो, आराखडा फारसा बदलत नाही. नव्या उपनगरांत लाकडी फळ्यांची दारे जाऊन शटर आले, कोठाराऐवजी पोटमाळा आला, इतकेच. या रचनेने अनेक पिढ्यांची सोय केली. भाडे वाचले, रात्री उशिरा आलेली मालाची गाडी उतरवून घेता आली, आजोबांना उतारवयातही गादीवर येऊन बसता आले.

तथापि ही वास्तू बांधताना एकाच शत्रूचा विचार झालेला असतो, तो म्हणजे चोर. जाड भिंती, एकच दार, खिडक्यांना गज, गॅलरीला जाळी, गच्चीच्या दाराला कुलूप, शटरला दोन्ही बाजूंनी टाळे. चोराला आत येता येऊ नये म्हणून केलेली प्रत्येक तजवीज आगीच्या वेळी घरच्या माणसाला बाहेर पडू देत नाही. गेल्या काही वर्षांत याची जी उदाहरणे घडली, ती व्यापारी कुटुंबांनी एकदा शांतपणे एकत्र वाचावीत अशी आहेत.

९ मे २०१९ रोजी पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका दुकान-गोदामाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मरण पावले. दाराला बाहेरून कुलूप होते. ३० ऑगस्ट २०२३ रोजी चिंचवडच्या पूर्णानगरात हार्डवेअरच्या दुकानातच राहणारे पती, पत्नी आणि त्यांची दोन मुले आगीत गेली. ३ एप्रिल २०२४ रोजी छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरील कपड्यांच्या दुकानाने पेट घेतला आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जण दगावले. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबईत चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत खाली दुकान आणि वर घर अशाच एका लहानशा वास्तूत पुन्हा एकाच कुटुंबातील सात जण गेले.

या चारही घटना पहाटेच्या आहेत, आणि हा योगायोग मानता येत नाही. रात्री नऊ-दहाला दुकान बंद होते. कुठेतरी एखादा सैल जोड तापत राहतो, कापडाच्या थप्पीत एखादी ठिणगी धुमसत राहते. जाग असलेल्या घरात हे कोणाच्या तरी नाकाला लागते. निजलेल्या घरात तास दोन तास, कधी त्याहून अधिक काळ कोणालाच पत्ता नसतो. ज्वाला उठते तेव्हा माणसे गाढ झोपेत असतात आणि जाग आलीच, तर वाट दुकानातून जाते.

धूर आधी पोहोचतो

छत्रपती संभाजीनगरच्या घटनेत ज्वाला वरच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. सात जणांचा जीव गुदमरून गेला, असे पोलिसांनी प्राथमिक तपासानंतर सांगितले. आगीत माणूस भाजून मरतो असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकांचा बळी धूर घेतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. झोपलेला माणूस जागा होण्याऐवजी अधिकच खोल गुंगीत जातो. जागा असला तरी त्याचे पाय चालेनासे होतात, दाराची कडी कोठे आहे हे त्याला उमगत नाही. पूर्वीच्या दुकानांत सुती कापड, ताग, लाकूड असे. आज नायलॉन, पॉलिएस्टर, फोम, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोल असतो. यांचा धूर अधिक काळा, अधिक विषारी आणि फार लवकर दाटणारा असतो. हाती जो वेळ उरतो, तो मिनिटांत मोजण्याचा.

धूर गरम असल्याने वर चढतो आणि त्याला वर जाण्यासाठी सर्वांत सोपी वाट म्हणजे जिना. दुकानातून निघणारा उघडा जिना हे अशा वेळी घराचे धुराडे ठरते. म्हणून या प्रकारच्या घरात पहिला खर्च करावयाचा असेल, तर तो जिन्याच्या तोंडाशी एक भक्कम, नीट बसणारे आणि आपोआप मिटणारे दार बसवण्यावर करावा. जाड लाकडी दारसुद्धा धुराला बराच काळ थोपवते. आगीला टिकणारे म्हणून खास बनवलेले दार मिळाले तर उत्तमच. दार रात्री मिटलेले असले पाहिजे. हवा यावी म्हणून त्याला वीट लावून उघडे ठेवण्याची सवय अनेक घरांत असते. ती सोडावी लागेल. जेथे शक्य आहे तेथे जिना दुकानातून काढून टाकून थेट रस्त्यावर उतरवणे हाच खरा उपाय आहे. दुकानाची तीन-चार फूट जागा त्यात जाते आणि व्यापाऱ्याला ती सोडणे जड जाते, हेही खरे.

दुसरा खर्च अगदी लहान आहे. धूर ओळखून कर्कश आवाज करणारे, बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते छताला बसवतात. आपल्याकडे मोठ्या कार्यालयांत ते दिसते, घरात क्वचितच. एक दुकानाच्या छताला, एक जिन्याच्या वरच्या टोकाशी आणि एक झोपण्याच्या खोल्यांबाहेर असावे. खाली वाजलेला आवाज वर बंद खोलीत पंख्याच्या घरघरीत ऐकू येत नाही, म्हणून एक वाजले की सर्व वाजतील असे परस्पर जोडलेले संच घेणे चांगले. महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून पाहावे. तीन यंत्रांचा मिळून खर्च एखाद्या बऱ्या साडीच्या किमतीच्या आसपास जातो. स्वयंपाकघरात मात्र ते लावू नये. फोडणीच्या धुराने रोज वाजेल आणि आठवड्याभरात कोणीतरी वैतागून काढून ठेवील.

कुलपाची किल्ली कोणाकडे

चोराची भीती खोटी नाही. ज्याच्या दुकानात आयुष्याची पुंजी माल म्हणून पडलेली आहे, त्याला जाळी काढून टाका असे सांगणे व्यर्थ आहे. जाळी ठेवावी, तिला एक झरोका ठेवावा. गॅलरीच्या जाळीत माणूस सहज बाहेर पडेल एवढी, बिजागऱ्यांवर उघडणारी चौकट लोहार एका दिवसात करून देतो. तिला आतून कुलूप असावे आणि किल्ली त्याच भिंतीवर, बाहेरून हात पोहोचणार नाही अशा अंतरावर, परंतु घरातील लहान मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर खिळ्याला टांगलेली असावी. ती किल्ली जुडग्यात नसावी, दुसऱ्या कशालाही लागणारी नसावी. तिथून खाली उतरण्याची सोय नसली तरी हरकत नाही. मोकळ्या हवेत उभे राहता आले, हाक मारता आली आणि जवानांना शिडी लावता आली, तरी जीव वाचतो.

गच्ची हा दुसरा मार्ग. पेठांतील घरे भिंतीला भिंत लावून उभी असतात आणि एका गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर जाणे बहुधा एका पायरीचे काम असते. शेजाऱ्याशी एकदा बोलून घ्यावे लागते, एवढेच. हा मार्ग जिन्यातील धूर थोपवलेला असेल तरच उपयोगी, हे लक्षात ठेवावे. म्हणूनच खालच्या दाराचे महत्त्व. गच्चीचे दार आतून कडीने बंद असावे, कुलपाने नव्हे.

शटरचा प्रश्न वेगळा आहे. विजेच्या मोटारीवर चालणारी शटरे आता सर्रास दिसतात. आग लागली की मेन स्विच पडतो, वीज जाते आणि शटर जागच्या जागी राहते. अशा शटरला हाताने उघडण्याची साखळी असते. ती कोठे आहे आणि कशी ओढावयाची हे घरातील व दुकानातील प्रत्येकाला माहीत असले पाहिजे. शटर तापले की त्याच्या बाजूच्या पट्ट्या वाकतात आणि मग ते साखळीनेही हलत नाही. शटरमध्येच माणूस जाईल एवढे छोटे दार ठेवून घेतले, तर या सर्व अडचणींतून सुटका होते.

आणि आता त्या माणसांविषयी, जी दुकानातच झोपतात. राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून आलेली मुले दिवसभर तागे उलगडतात आणि रात्री त्याच पाटावर अंथरूण टाकतात. शेठजींना राखणदार मिळतो, मुलांचे खोलीभाडे वाचते. परंतु अनेक ठिकाणी शटर बाहेरून बंद करून किल्ली शेठजींच्या घरी जाते. ८ डिसेंबर २०१९ रोजी दिल्लीच्या अनाज मंडीतील कारखान्यात ४३ जण मरण पावले. त्यांतील बहुतेक तेथेच झोपलेले कामगार होते आणि बहुतेकांचा अंत गुदमरून झाला. दुकानात वा गोदामात कोणी झोपूच नये, हा सरळ नियम आहे. परिस्थितीमुळे कोणी झोपतच असेल, तर कुलूप आतून आणि किल्ली त्याच्या हाती, यात तडजोड असू शकत नाही. माल चोरीला गेला तर काय, हा प्रश्न येथे नेहमी विचारला जातो. ज्याच्या हाती किल्ली देण्याइतका विश्वास नाही, त्याला रात्रभर मालासोबत ठेवणे व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही. चोरीचा विमा उतरवता येतो. बाहेरून कुलूप लावलेल्या दारामागे माणूस मेला, तर पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात जे उभे राहावे लागते, त्याचा विमा कोणतीही कंपनी देत नाही. आपल्या परंपरेत प्रमाद हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. त्याचा याहून स्पष्ट प्रसंग शोधावा लागणार नाही.

रात्री काय चालू राहते

दुकान बंद करताना दिवे मालवले म्हणजे वीज बंद झाली, असे नव्हे. फ्रीज, कॅमेऱ्याचे रेकॉर्डर, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर, पाटीचा दिवा हे सारे चालूच असते. वायरमनकडून एकदा बोर्डाची दोन भागांत वाटणी करून घ्यावी. रात्री ज्यांची खरोखर गरज आहे त्यांचा एक लहान भाग, आणि उरलेले सारे दुसऱ्या भागात. शटर ओढण्यापूर्वी दुसऱ्या भागाचा स्विच खाली करणे हे गल्ला मोजण्याइतकेच नित्याचे व्हावे. या एका कामाने निर्जन दुकानातला बराच धोका कमी होतो.

एमसीबी बसवली आहे म्हणून निर्धास्त राहणारे पुष्कळ आहेत. एमसीबी ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की बंद पडते. सैल जोडात मात्र प्रवाह वाढत नाही; जोड तेवढा तापतो, इन्सुलेशन वितळते आणि एमसीबीला त्याची गंधवार्ताही नसते. म्हणून हाताची तपासणी लागते. चालू असलेल्या बोर्डाच्या झाकणाला हाताची मागची बाजू लावून पाहावी. ते गरम लागत असेल, त्यावर तपकिरी डाग असेल किंवा मासळी सडल्यासारखा उग्र वास येत असेल, तर त्याच दिवशी वायरमनला बोलवावे. एका पिनेत तीन पिना, एका एक्स्टेन्शन बोर्डावर इस्त्री आणि गिझर, गालिच्याखालून नेलेली वायर, खिळ्याला गुंडाळलेली वायर या सवयी प्रत्येक घरात आहेत आणि प्रत्येक घराला त्या चुकीच्या असल्याचे ठाऊकही आहे. एमसीबी वारंवार पडते म्हणून वायरमनला सांगून अधिक क्षमतेची बसवून घेणे ही तर स्वतःच्या हाताने केलेली फसवणूक. वायर जुनीच राहते. तिला वाचवणारा पहारेकरी मात्र आपण झोपवतो. शॉक आणि गळती ओळखण्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी एमसीबीच्या जोडीला असावी.

अलीकडे जिन्याखाली विजेवरची स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावण्याची पद्धत पडली आहे. लिथियमच्या बॅटरीने एकदा पेट घेतला की ती स्वतःच्याच उष्णतेने धगधगत राहते आणि तिचा धूर अत्यंत विषारी असतो. जिना ही या गाडीसाठी घरातली सर्वांत वाईट जागा. ती बाहेर, उघड्यावर, दिवसा आणि कोणी जागे असताना चार्ज करावी. साध्या इन्व्हर्टरची बॅटरीही चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून ती बंद कपाटात वा देवघराशेजारी नसावी.

मालाची मांडणी हा प्रत्येक व्यापाराचा स्वतंत्र विषय आहे. कापडाच्या गठ्ठ्याची आग बाहेरून विझलेली दिसते, आत धुमसत असते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या जहाजावर स्फोटकांच्या जोडीला कापसाच्या गाठी होत्या. दुपारी त्या गाठींतून धूर दिसू लागला, पंप लावूनही आग आवरेना आणि चार वाजल्यानंतर झालेल्या स्फोटांनी गोदीसह मांडवी, मशीद बंदर परिसराची दाणादाण उडवली. आग विझवताना साठाहून अधिक जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. कापडात, कापसात, कागदात, तागात छोटीशी आग विझवली तरी तो गठ्ठा उघड्यावर नेऊन सोडवावा आणि जवानांना बोलावून खात्री करून घ्यावी. आत परत ठेवू नये.

किराणा दुकानात कापूर, आगपेट्या, तेलाचे डबे आणि अगरबत्ती एकाच फडताळात असतात. त्यांची ताटातूट करावी. मिरची-हळदीच्या गिरणीत हवेत उडणारी बारीक पूड ठिणगीने स्फोटासारखी पेटू शकते, म्हणून मोटारीवर आणि तुळयांवर तिचा थर साचू देऊ नये. हार्डवेअर आणि रंगाच्या दुकानांत थिनर, टर्पेंटाइन यांचा साठा विक्रीपुरताच समोर ठेवावा, बाकीचा वस्तीबाहेर. घराखाली तर तो नकोच. सोनाराच्या कारखान्यात गॅसची नळी आणि ऑक्सिजनचा सिलिंडर काम संपल्यावर मुळाशी बंद झाला पाहिजे. आणि व्यापार कोणताही असो, थप्पी छतावरील दिव्यापासून निदान दोन फूट खाली थांबावी, बोर्डासमोर माल नसावा, जिन्याच्या पायऱ्यांवर तर एक खोकाही नसावा. दिवाळीच्या आधीचे दोन महिने हा नियम मोडला जातो. माल तेव्हाच सर्वाधिक असतो.

चूल आणि दिवा

सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरांत स्वयंपाकघर लवकर बंद होते; त्याच वेळी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करण्याची सवय तेथे सहज लागू शकते. धोका पहाटेचा असतो. पिण्याचे पाणी उकळत ठेवून कोणी पूजेला जाते, कोणी पुन्हा डोळा लावते. सिलिंडरमधील गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे तो गळला की जमिनीलगत साचतो. खिडकी उघडली तरी सहज जात नाही, दार उघडून केरसुणीने बाहेर लोटल्यासारखा त्याला काढावा लागतो. पाइपने येणारा नैसर्गिक वायू मात्र हलका, तो वर चढतो. दोन्ही बाबतींत वास येताच दिव्याचे बटण दाबू नये, चालू असलेला पंखा बंदही करू नये, कारण दोन्हींत ठिणगी पडते. दारे-खिडक्या उघडाव्यात, रेग्युलेटर वा पाइपची मुख्य कळ बंद करावी, बाहेर येऊन फोन करावा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. नारिंगी नळी पाच वर्षांनी बदलावयाची असते. सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या आतील पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. अक्षर तिमाही सांगते, आकडे वर्ष. ती मुदत उलटलेला सिलिंडर घेऊच नये.

फरसाण वा पुऱ्या तळताना कढईतील तेल पेटले, तर त्यावर पाणी टाकणे हा सर्वांत घातक उपाय. पाणी तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छतापर्यंत उडवते. गॅस बंद करून मोठे सपाट झाकण वा परात सरकवत कढईवर ठेवावी आणि थंड होईपर्यंत उचलू नये. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये.

दिव्याचा विषय नाजूक आहे. दिवाळीला वहीपूजन झाल्यावर दुकानात दिवा तेवत ठेवून शटर ओढण्याची प्रथा अनेक घराण्यांत आहे. त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पण नव्या वहीशेजारी, फुलांच्या माळांखाली, रिकाम्या दुकानात उघडी ज्योत ठेवणे धोक्याचे आहे. मंदिरांत दिवा काचेच्या फानसात ठेवण्याची चाल आहे. तेथे हेतू ज्योतीकडे झेपावणाऱ्या कीटकांच्या रक्षणाचा असतो. तीच काच पडद्याचेही रक्षण करते. फानस पाण्याने भरलेल्या परातीत ठेवावे, आणि तेल तेवढेच घालावे जेवढा वेळ घरातील कोणी तेथे बसणार आहे. दिवा आपणहून शांत होतो, कोणाच्या मनाला रुखरुख लागत नाही आणि मगच शटर ओढता येते.

लाल सिलिंडर आणि पिवळी फाइल

आग विझवण्याचे लाल सिलिंडर पुष्कळ दुकानांत असते. बहुधा मागच्या भिंतीवर, खोक्यांच्या आड. ते दाराजवळ हवे, कारण विझवणाऱ्याच्या पाठीशी बाहेरची वाट असली पाहिजे. घरासाठी आणि सामान्य दुकानासाठी कोरड्या पावडरचे एबीसी प्रकारचे, चार वा सहा किलोचे, आयएसआय चिन्ह असलेले घ्यावे. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे दर महिन्याला पाहावे, वर्षातून एकदा भरणाऱ्याकडून तपासून घ्यावे. वापर सोपा आहे. पिन ओढावी, नळी ज्वालेच्या शेंड्यावर न धरता बुडाशी धरावी, दांडा दाबावा, डावीकडून उजवीकडे फिरवावी. चार किलोचे सिलिंडर जेमतेम दहा-पंधरा सेकंद चालते, हे फार थोड्यांना माहीत असते. म्हणून आग कचऱ्याच्या टोपलीएवढी असेल तोवरच प्रयत्न करावा. एका सिलिंडरमध्ये विझली नाही तर दार ओढून बाहेर पडावे, आणि फोन तर त्याआधीच झालेला असावा: १०१ किंवा ११२. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर बंद पोटमाळ्यावर वापरू नये. ते माणसाचाही श्वास कोंडते.

एकदा बाहेर पडल्यावर पुन्हा आत जाऊ नये. ९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीची आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि त्या दुर्घटनेत अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांनी प्राण गमावले. आयुष्यभर आगीशी झुंजलेल्या माणसांना जुनी लाकडी इमारत चकवते. खतावणी आणण्यासाठी आत धावणाऱ्या शेठजींची गत काय होईल, ते सांगावयास नको.

खतावणी वाचवण्याची वेळच येऊ नये, यासाठी तिची प्रत रोज दुसऱ्या ठिकाणी गेली पाहिजे. संगणकावरील हिशोब रात्री आपोआप बाहेर साठवला जातो की नाही, हे मुनीमजींना विचारून घ्यावे. विम्याचे कागद दुकानाच्याच कपाटात असणे हा तर नेहमीचा प्रकार. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, पाच ते पन्नास कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा आणि घरासाठी भारत गृह रक्षा अशा प्रमाणित पॉलिसी सर्व विमा कंपन्यांकडे मिळतात. घराचा विमा दुकानातील मालाला लागू होत नाही. आणि विम्याची रक्कम मालापेक्षा कमी ठेवली, तर नुकसानही त्याच प्रमाणात कमी धरले जाते. माल चाळीस लाखांचा, विमा वीस लाखांचा आणि नुकसान दहा लाखांचे असेल, तर हाती पाच लाखांच्या आसपासच येतात. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट उद्यमांच्या या पॉलिसींत सोडून दिली जाते, त्यापुढची नाही. दिवाळीपूर्वी माल दुप्पट होतो, विमा मात्र चैत्रातल्या आकड्यावर थांबलेला असतो. भाड्याच्या गोदामाचा पत्ता पॉलिसीत नसेल, तर तेथील माल विम्याबाहेर राहतो.

व्यापारी संकुलात गाळा असेल तर आणखी एक कागद पाहण्याचा हक्क आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील आगीची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजेच नमुना ‘ब’, जानेवारीत आणि जुलैत असे वर्षातून दोनदा अग्निशमन विभागाला द्यावयाचे असते. गाळेधारकांच्या बैठकीत लिफ्टच्या रंगावर तासभर चर्चा होते; हा कागद दाखवा, असे विचारायला दोन मिनिटे पुरतात.

राहिली तालीम. सहा महिन्यांतून एकदा, रविवारी रात्री, दिवे बंद करून सर्वांनी आपापल्या अंथरुणावरून बाहेर पडून दाखवावे. धूर आहे असे समजून गुडघ्यांवर रांगत, नाकाशी ओला रुमाल, भिंतीला हात. दार उघडण्यापूर्वी त्याला हाताची मागची बाजू लावावी; गरम असेल तर ते उघडू नये, फटीत ओले कापड कोंबून गॅलरीकडे वळावे. आजीला कोण उचलणार, लहान मुलाला कोण घेणार, समोरच्या कोणत्या ओट्यावर जमून माणसे मोजावयाची, हे आधी ठरलेले असावे. मुलांना हा खेळ वाटतो आणि तीच सर्वांत लवकर शिकतात. पहिल्या खेपेस घड्याळ लावून पाहिले, तर बहुधा सारे एकाच जागी खोळंबतात. गॅलरीच्या जाळीची किल्ली खिळ्याला नसते. कोणीतरी आठवून सांगते, ती खाली दुकानात, गल्ल्याच्या खणात आहे.